ऑइलचा दिवा लागतो म्हणून ऑइल पंप बदलायचा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१३ सालची डिझायर डिझेल, मीटर १,६०,००० च्या पुढे गेलेलं. मुंबईहून येताना कसारा घाट चढून घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलात की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. ॲक्सिलरेटरवर जरा पाय ठेवला की विझतो. सकाळी इंजिन थंड असताना दिव्याचं नाव नाही. नाशकातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलीत, त्यांनी दिवा पाहिला आणि सांगितलं की ऑइल पंप गेलाय, चार दिवस गाडी ठेवा. आता तुम्ही विचारताय की पंप बदलायचा का, कोणता घ्यायचा, आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडत नाही. गाडी घरी उभी ठेवा. गॅरेजपर्यंत न्यायची एवढंच, तेही इंजिन फार तापू न देता. आणि चालत्या गाडीत हा दिवा पक्का लागून राहिला तर पुढचा ढाबा, पुढचा पेट्रोल पंप असं काही बघायचं नाही. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पाहा. ऑइल कमी असेल तर टाका आणि दिवा जातोय का बघा. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर टोचन करूनच आणा. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि धातूला धातू लागू न देण्याचं काम तोच करतो. तो गेला की काही मिनिटांत बेअरिंग जागा सोडून फिरतं, क्रँकवर ओरखडे पडतात. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा शाफ्ट तर मिनिटाला लाखावर फेरे घेतो, त्याला तेवढाही वेळ मिळत नाही. टोचनाचे पैसे त्यापुढे किरकोळ आहेत.

आता मूळ मुद्दा. तुमच्या गॅरेजवाल्यांचं निदान बरोबर असूही शकतं. पण नुसता दिवा बघून ते करता येत नाही. दिव्याला पंप बरा की वाईट हे कळत नाही. त्याच्या मागे एक साधा स्विच असतो. ऑइलचा दाब ठरावीक पातळीच्या खाली आला की तो दिवा लावतो. बहुतेक गाड्यांत ही पातळी ०.३ ते ०.५ बारच्या आसपास, म्हणजे फारच खाली ठेवलेली असते. दिवा सांगतो ते इतकंच की स्विचच्या जागी दाब पोचत नाही. का पोचत नाही, हे आपल्याला शोधायचं आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. पंप दाब तयार करत नाही, पंप ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे, म्हणजे बेअरिंगमधल्या बारीक फटींतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. आपल्याकडच्या द्राक्षबागेतलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. मोटर तीच, पण लॅटरलला जागोजागी भोकं पडली तर शेवटच्या वेलीपर्यंत दाब उरत नाही. मोटर नवी बसवून त्या भोकांचं काही होणार नाही. इंजिनात ही भोकं म्हणजे झिजलेली मेन (क्रँकला धरणारी) आणि बिगएंड (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारी) बेअरिंगं. उलट मोटरच्या फुटव्हॉल्व्हला गाळ बसला, तरी दोष मोटरचा नसतो. इंजिनात ती जागा चेंबरमधल्या जाळीची. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं, त्यातल्या जाळीतून पंप ऑइल ओढतो.

म्हणून दिवा लागण्यामागे पंपाशिवाय बरीच कारणं असतात आणि त्यातली बरीचशी स्वस्त आहेत. मी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे जातो. गिऱ्हाइकाचा खिसा वाचतो हे झालंच, शिवाय प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीची माहिती मिळते.

पहिली पायरी डिपस्टिक. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पातळी कमी असेल तर कारण उघड आहे, मग ऑइल जातंय कुठे ते शोधा. पातळी वाढलेली दिसली तर जास्त सावध व्हा. ऑइल आपोआप वाढत नाही. डिझेल इंजिनात इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंपाच्या सीलमधून डिझेल उतरलं तर पातळी वर जाते आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. दोन थेंब बोटावर घेऊन चोळा आणि वास घ्या. डिझेलचा वास लपत नाही. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर कूलंट मिसळतंय, म्हणजे तो वेगळाच आजार आहे आणि पंपाचा विचार तिथेच थांबवायचा.

दुसरी पायरी, आत कोणतं ऑइल आहे आणि कधी बदललंय. या इंजिनाला ५डब्ल्यू-३० ग्रेडचं, म्हणजे तेवढ्याच जाडीचं, ऑइल लागतं. तुमच्याकडच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, तेच प्रमाण धरा. गेल्या वेळी बदललेल्या ऑइलचं बिल काढून बघा. कित्येकदा सुट्या डब्यातून, नाव नसलेलं ऑइल भरलेलं असतं आणि ते तापलं की दाब टिकत नाही. अशा वेळी बरोबर ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर घालून आधी बघणं हाच शहाणपणाचा खर्च आहे. फिल्टर बदलताना जुना फेकू नका, त्याचं काम पुढे आहे.

इथेच एका सल्ल्याबद्दल बोलायला हवं, कारण तो तुम्हाला कोणीतरी देणारच. ‘२०डब्ल्यू-५० टाका, दिवा जाईल.’ खरंय, दिवा जाईल. जाड ऑइल झिजलेल्या फटीतून हळू निघतं म्हणून आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, दाब जास्त दिसतो. पण झीज तशीच राहते, तुमची सूचना देणारी खूण तेवढी बंद होते. वर डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटेचा पारा उतरतो तेव्हा ते ऑइल टर्बोपर्यंत आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं. गाडी विकायला काढणाऱ्यांची ही युक्ती आहे. गाडी वापरायची असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. जुनी गाडी विकत घेताना मात्र ती लक्षात ठेवा.

तिसरी पायरी खरी महत्त्वाची: दाब मोजणं. प्रेशर स्विच काढायचा, त्याच आट्यांत अडॅप्टर लावून काट्याचा मेकॅनिकल गेज जोडायचा. फार महागडं साधन नाही. आटे जुळणारा अडॅप्टर नसेल तर अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक होजवाले बसलेत, जुना स्विच नमुना म्हणून नेला की ते जुळवून देतात. ज्या गॅरेजमध्ये पंप बदलायची तयारी आहे तिथे हा गेज असायलाच हवा. तुम्ही तिथे जाऊन एवढंच विचारा, ‘गेज लावून रीडिंग किती आलं?’ उत्तर आकड्यात मिळालं तर पुढे बोला.

रीडिंग एकदाच घेऊन भागत नाही. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर एक घ्यायचं. मग इंजिन पूर्ण तापू द्यायचं, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला पाहिजे. त्यानंतर आयडलला एक, २,००० आरपीएमला एक, ३,००० ला एक. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच धरायचा. नसेल तर गरम इंजिनाला दर १,००० आरपीएममागे किमान १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा आहे. माझ्या कामात निरोगी डिझेल इंजिन गरम आयडलला १ बारच्या वर आणि ३,००० ला ३ बारच्या वर राहिलेलं मला बरं वाटतं.

आता हे आकडे कसे वाचायचे. गेज सगळीकडे चांगलं दाखवतोय आणि दिवा तरी लुकलुकतोय, म्हणजे स्विच खराब किंवा वायर कुठे घासतेय. स्विच बदला, विषय संपला. थंड असतानाही दाब कमी, गरम असतानाही कमी, रेस केली तरी काटा फारसा हलत नाही, असं असेल तर जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा पंपाचंच काहीतरी मोडलंय. आयडलला ठीक पण रेस वाढवली की काटा थरथरतो किंवा खाली येतो, तर जाळी चोंदलीय किंवा पंप हवा ओढतोय. वेग वाढला की पंपाला जास्त ऑइल हवं असतं आणि जाळीतून ते येत नाही. सकाळी सुरू केल्यावर काटा चढायला वेळ लागतो, मग सगळं ठीक होतं, तर रात्रीतून ऑइल खाली उतरून जातंय. फिल्टरच्या टोपीची आणि जाळीतून ऑइल ओढणाऱ्या सक्शन पाइपची ओ-रिंग (रबरी कडी) बघा.

तुमच्या गाडीची लक्षणं यातल्या कशातच पूर्ण बसत नाहीत. थंड असताना चांगलं, गरम आयडलला कमी, रेस केली की परत चांगलं. हा प्रकार तिघांपैकी कोणामुळेही होतो: पातळ झालेलं ऑइल, झिजलेली बेअरिंगं किंवा झिजलेला पंप. कारण तिन्हीत घडतं तेच, गरम आणि पातळ ऑइल वाढलेल्या फटीतून निसटतं. घाट चढताना ऑइल १०० अंशांच्या वर जातं, आणि त्या तापलेल्या अवस्थेत तुम्ही टोलनाक्यावर थांबता तेव्हा पंप सर्वांत हळू फिरत असतो. इंजिनासाठी दाब टिकवायची ही सर्वांत कठीण वेळ. तिथे पहिल्यांदा दिवा दिसला याचा अर्थ तुम्हाला इशारा लवकर मिळालाय. पण पंप आणि बेअरिंग यांत दोषी कोण, हे एकटा गेज सांगू शकत नाही. त्यासाठी फिल्टर आणि चेंबर उघडावा लागतो.

जुना फिल्टर म्हणूनच ठेवायला सांगितला. या इंजिनात कागदी एलिमेंट असतो, त्यामुळे डबा कापायचीही गरज नाही. ब्लेडने कागद सोडवा, घड्या उलगडा, निथळू द्या आणि पांढऱ्या कापडावर उन्हात धरा. काळं ऑइल असणारच, डिझेल आहे. बघायचं ते चमकणारे कण. कागदावरून लोहचुंबक फिरवा. चिकटले ते लोखंडाचे: चेन, गिअर, क्रँक, किंवा पंपाचे रोटर. न चिकटणारे पांढुरके चमचमते कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन, पंपाचं घर किंवा बेअरिंगचा वरचा थर. तांबूस, पितळी झाक दिसली तर बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडलाय, किंवा टर्बोचं बुश झिजतंय. तांबूस कण दिसल्यावर नुसता पंप बदलून गाडी देणं हे मी करत नाही आणि तुम्हीही ते मान्य करू नका.

मग चेंबर. खाली उतरवायच्या आधी बाहेरून हात फिरवा. आपल्या भागात गाड्या शिवाररस्त्यांवरून जातात, गावोगावचे गतिरोधक कुणी मापाने बांधलेले नसतात, आणि डिझायरमध्ये पाच माणसं नि डिकीत द्राक्षाचे क्रेट असले की गाडी आणखी खाली बसते. चेंबरला आत पोचा आला तर तो नेमका जाळीच्या तोंडापाशी जाऊन टेकतो. सक्शनची वाट अर्धी बंद होते आणि बाकी इंजिन निरोगी असूनही दाब पडतो. अशा गाडीला नवा चेंबर लागतो, पंप नाही.

चेंबर खाली आला की तळाला बोट फिरवा. काळा, डांबरासारखा गाळ हाताला लागला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. जाळी काढून उजेडासमोर धरा. पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदारांची अशीच गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे पंप बदललेला, आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागलेला. चेंबर उतरवला तर जाळीवर करड्या रंगाचे लांब धागे अडकलेले, अर्ध्याहून जास्त जाळी झाकलेली. ते सिलिकॉन होतं. नवं कव्हर बसवताना पॅकिंग म्हणून ते सढळ हाताने लावलेलं, दाबल्यावर आतल्या बाजूला फुगून आलेलं आणि गरम ऑइलने तुटून खाली पडलेलं. नवा पंप अगदी उत्तम होता, त्याला ऑइलच मिळत नव्हतं. जाळी साफ केली, कव्हर उतरवून सगळा पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ करून बसवला, गेज लावून पाहिलं, दाब जागेवर आला.

चेंबर खाली असताना एक बिगएंड कॅप उघडून बेअरिंग बघणं मी सोडत नाही. तास-दीड तासाचं जादा काम, पण संपूर्ण निर्णय त्यावर ठरतो. शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पातळ पट्टी, एकसारखा करडा, गुळगुळीत असेल तर बेअरिंग चांगलं. मधोमध तांबूस पट्टा किंवा नखाला लागणारे ओरखडे असतील तर इंजिनाचं खालचं काम निघालं. नजरेवर विसंबायचं नसेल तर प्लास्टीगेजची पट्टी ठेवून कॅप टॉर्कवर आवळायची, परत उघडायची आणि पट्टी किती पसरली त्यावरून फट मोजायची. मॅन्युअल म्हणत असेल तिथे कॅपचे बोल्ट नवेच वापरायचे, ताणलेले बोल्ट परत लावायचे नाहीत.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर क्रम असा: पातळी, ऑइलचा दर्जा, गेज, फिल्टर, चेंबर आणि जाळी, एक बेअरिंग. एवढं तपासून बेअरिंग चांगलं, जाळी साफ, ऑइल बरोबर आणि दाब तरी कमी, असं ठरलं की मगच पंपाकडे बोट दाखवायचं. बेअरिंग गेलं असेल तर इंजिनाचं ते खालचं काम (हाफ इंजिन) करायचं का, हे गाडीच्या किमतीवर, बॉडीच्या अवस्थेवर आणि तुम्ही ती आणखी किती वर्षं ठेवणार यावर आहे. ते मी इथून ठरवू शकत नाही.

आता धरून चालू की पंपच बदलायचा आहे. तुमच्या गाडीतलं १,२४८ सीसीचं इंजिन हे मूळ फियाटचं मल्टिजेट. मारुतीत ते डीडीआयएस, टाटांच्या गाड्यांत क्वाड्राजेट या नावाने आलं. त्यात पंप स्वतंत्र डबा म्हणून लटकत नाही. इंजिनाच्या पुढच्या बाजूला टायमिंग चेन झाकणारं ॲल्युमिनियमचं कव्हर असतं, त्यातच पंपाची जागा आहे. क्रँकच्या टोकावर आतला रोटर बसतो, त्याच्याभोवती बाहेरचा. आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी असतो, म्हणून फिरताना त्यांच्यामधली जागा लहानमोठी होत जाते आणि ऑइल एका बाजूने ओढलं जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. या रचनेमुळे दोन गोष्टी होतात. एक, पंपापर्यंत पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं, त्यामुळे चार दिवस मागितले यात गैर काही नाही, आणि मजुरी जास्त येणार हेही धरून चला. दोन, उघडलंच आहे तर चेनचं काम त्याच मजुरीत उरकतं.

जुना पंप काढल्यावर तो मोजायला सांगा. कव्हर स्वच्छ करून रोटरवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, सरकवायचा. बाजूची ही फट बहुतेक पंपांत ०.१ मिलिमीटरच्या आत असावी लागते, बाहेरचा रोटर आणि घर यांच्यातली ०.२ च्या आसपास. नक्की मर्यादा मॅन्युअलची धरायची. घराच्या तळावर गोल ओरखडे नखाला लागत असतील तर आतून काहीतरी कठीण गेलंय. मग रिलीफ व्हॉल्व्ह. त्याची टोपी उघडून स्प्रिंग आणि प्लंजर काढायचा, प्लंजर ऑइलमध्ये बुडवून भोकात सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने खाली घसरला पाहिजे. अडखळला तर तिथेच दोष आहे. अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा त्या प्लंजरला उघडा धरून ठेवायला पुरतो, आणि मग पंपाने ढकललेलं ऑइल बेअरिंगकडे जाण्याऐवजी परत मागे फिरतं. मोजमापात पंप चांगला आणि फक्त प्लंजर अडकलेला असं निघालं, तर ते तुम्हाला सांगणारा मिस्त्री धरून ठेवा.

पंप कोणता घ्यायचा? चेसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवरून, पक्क्या बिलावर. या एका वस्तूत मी तडजोड करत नाही. हुबेहूब खोक्यात डुप्लिकेट माल मिळतो, आणि पंपात सगळा खेळ शंभराव्या मिलिमीटरचा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या बाजारातला काढीव पंप नको, त्याच्या आयुष्यात काय काय वाहून गेलंय ते कुणाला माहीत नाही. ओरखडे पडलेल्या कव्हरमध्ये नुसते नवे रोटर बसवू नका, फट तशीच राहते. नवा पंप हातात आल्यावर रोटर हाताने फिरवून बघा, आत मशीनिंगची बुरी, म्हणजे उरलेली धारदार कड, राहिलीय का बोट फिरवून बघा, आणि प्लंजरची तीच परीक्षा नव्यावरही घ्या.

त्याबरोबर काय बदलायचं: क्रँकचं पुढचं ऑइल सील, सक्शन पाइपची ओ-रिंग, फिल्टर, ऑइल, आणि क्रँक पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर तोही. तुमच्या किलोमीटरला चेन, टेन्शनर आणि गाइड यांचा पूर्ण सेट टाका असं मी सांगेन. टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चेन ताणून धरतो, आणि तुमच्याकडे दाब तर काही काळ कमीच होता. फिल्टरमध्ये धातूचे कण सापडले असतील तर ऑइल कूलरचंही बोला. त्याच्या बारीक वाटांत अडकलेले कण धुवून पूर्ण निघत नाहीत, आणि नंतर सुटून थेट नव्या बेअरिंगकडे जातात. अशा वेळी मी कूलर नवाच टाकायला सांगतो.

कामाच्या वेळी ज्या जागी घाई होते तेवढ्याच सांगतो, बाकी मिस्त्रीला ठाऊक असतं. इंजिनाला धरणारं चेनच्या बाजूचं माउंटिंग सुटणार आहे, तेव्हा इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्यावर जॅक द्यायचा, चेंबर सोडायचा असल्यामुळे तो ठोकळा चेंबरवर टेकवून चालत नाही. पुलीचा बोल्ट सोडायच्या आधी क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट टायमिंग लॉक टूलने बांधले पाहिजेत. पेंटच्या खुणा करून ‘जमवतो’ म्हणणाऱ्याला थांबवा, एक दात इकडेतिकडे झाला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. काही इंजिनांत हा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी मॅन्युअल उघडायचं.

जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. पॉलिश पेपर, वायर ब्रश, ग्राइंडरवरची घासणारी चकती यातलं काही उघड्या इंजिनाजवळ आणायचं नाही. त्यातून उडणारी पूड ऑइलबरोबर फिरून बेअरिंग खाते. नवं सिलिकॉन कोरड्या पृष्ठभागावर, साधारण ३ मिलिमीटरच्या एका अखंड रेषेत, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावल्याने गळती थांबत नाही, जाळी मात्र चोंदते. कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, बोल्ट टॉर्क पान्यानेच आणि क्रमाने आवळायचे, हवेच्या गनने नाही. आणि ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ द्यायचा. रात्रभर गाडी तशीच उभी ठेवली म्हणून कुरकुर करू नका, तो वेळ कामाचाच भाग आहे.

कोरडा पंप ऑइल ओढत नाही, आधी हवाच फिरवतो. म्हणून बसवण्यापूर्वी रोटरांमध्ये ताजं इंजिन ऑइल भरून हाताने फिरवायचे, फिल्टरच्या घरातही ऑइल ओतायचं. सगळं जोडून झाल्यावर लगेच इंजिन सुरू करायचं नाही. इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवायचे आणि नुसता सेल्फ मारायचा, दहा सेकंद मारला की थोडं थांबायचं, नाहीतर स्टार्टर तापतो. गेजचा काटा वर आला की कनेक्टर लावून इंजिन सुरू करायचं. सुरू झाल्यावर पाच-दहा सेकंदांत दाब दिसला नाही तर बंद करून कारण शोधायचं. ‘रेस दे, येईल दाब’ हे वाक्य कानावर पडलं तर स्वतः चावी फिरवून इंजिन बंद करा.

गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा गेज लावलेला असतानाच जा. पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन तापू द्या आणि तीनही रीडिंग स्वतः बघा. पहिले ५०० ते १,००० किलोमीटर झाल्यावर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, आणि तो फिल्टरही उलगडून बघायला सांगा. थोडे बारीक कण पहिल्या वेळी निघू शकतात, दुसऱ्या वेळी कागद स्वच्छ असायला हवा. जुना पंप आणि चेन मागून घ्या. गरम आयडल, २,००० आणि ३,००० चे आकडे तारीख टाकून बिलावर लिहून घ्या. पुढे कधी दिवा लागला तर त्या वेळचा दाब या आकड्यांशी ताडून बघता येईल आणि झीज वाढलीय की नुसता स्विच गेलाय हे पहिल्या अर्ध्या तासात कळेल.